बोस्टन शहराचें गायरान : तें कसें टिकलें व आपण त्यापासून काय शिकावें

गायरान म्हणजे काय हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. गांवच्या गुरांनीं चरावें म्हणून राखून ठेवलेली ती सर्वांची जमीन. परंतु अशी एखादी जमीन एका मोठ्या शहराच्या ऐन मध्यभागीं, जेथें वीतभर जागेसही सोन्याचा भाव आहे अशा ठिकाणीं, जवळजवळ चारशें वर्षें राहिली आहे असें कोणी सांगितलें तर आपणांस तें खरें वाटणार नाहीं. मलाही वाटलें नसतें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याची राजधानी बोस्टन ही होय. माझी कन्या तेथें राहते. सेवानिवृत्तीनंतर तिजकडे एक उन्हाळा काढण्याचा योग आला, तेव्हां त्या शहरांतील 'कॉमन' नांवाच्या बागेंत मी रोज सकाळीं फिरावयास जात असें. मोठमोठे वृक्ष, हिरवळ, पायवाटा, मुलांनीं डुंबण्यासाठीं उथळ तळें. अशी ती एक चांगली शहरी बाग, इतकेंच प्रथम वाटलें. एके दिवशीं बागेच्या कडेस सन १९३० मध्यें बसविलेलें ओतीव शिल्प पाहत थांबलों असतां कन्येनें त्याचा अर्थ सांगितला. तेव्हां कळलें कीं, ही बाग मूळची गायरान आहे. आणि 'कॉमन' या शब्दाचा अर्थही सामाईक जमीन असाच आहे. माझें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेलें. जमिनीचा दाखला म्हटला कीं आमचें मन तेथेंच गुंतावयाचें. या जमिनीसंबंधींचे जुने ठराव छापून प्रसिद्ध झालेले आहेत. ते कन्येकडून वाचवून घेतले. आपल्या उपयोगीं पडेल तेवढा भाग वाचकांपुढें ठेवितों.

१. जमीन कशी मिळाली

बोस्टनची जुनी वस्ती समुद्रांत शिरलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर झाली. तेथील मूळचे लोक म्हणजे मॅसॅच्युसेट्स नांवाची आदिवासी जमात; तिचेंच नांव पुढें राज्यास पडलें. सन १६१६ ते १६१९ या काळांत आलेल्या सांथीनें त्यांपैकीं फार लोक दगावले व बरीचशी जमीन ओस पडली. पुढें सन १६२५ च्या सुमारास विल्यम ब्लॅक्स्टन नांवाचा एक इंग्रज पाद्री त्या भूशिरावर एकटाच येऊन राहिला. सन १६३० मध्यें इंग्लंडांतून आलेले वसाहतवाले नदीपलीकडे उतरले, पण तेथें पिण्याच्या पाण्याचे हाल होऊं लागले. ब्लॅक्स्टननें त्यांस कळविलें कीं, माझ्याकडे गोड्या पाण्याचा झरा आहे, इकडे या. ते आले. वर सांगितलेल्या शिल्पांत हाच प्रसंग दाखविला आहे.

पाणी दाखविणाराची पुढें काय गत झाली हें आपण ओळखलेंच असेल. आलेल्या मंडळींनीं सगळी जमीन आपल्या वसाहतीची ठरविली आणि सन १६३३ मध्यें त्यांतूनच ५० एकर ब्लॅक्स्टनला दिली! दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे सन १६३४ मध्यें, त्यानें राहत्या जागेपुरती ६ एकर ठेवून बाकीची ४४ एकर गांवास ३० पौंडांस विकली व लौकरच तो दुसरीकडे निघून गेला. हे ३० पौंड कोणा धनिकानें दिले नाहींत. दर घरटीं निदान ६ शिलिंग पट्टी बसवून ते गोळा केले. आदिवासींच्या हक्काची आठवण गांवास फार उशिरां झाली. सन १६८५ मध्यें त्यांच्या एका जुन्या नायकाच्या नातवाकडून भूशिराचें खत लिहून घेण्यांत आलें.

घरटीं पट्टीची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपलीं गायरानें बहुधा सरकारनें नेमून दिलेलीं असल्यामुळें तीं सरकारचीं, असा आपला समज होऊन बसला आहे. बोस्टनच्या प्रत्येक घरानें आपल्या पदरचे ६ शिलिंग मोजले होते. ज्याच्या गांठीचें गेलें असतें, तो आपल्या वस्तूवर डोळा ठेवतो.

२. चराईचे नियम

जमीन घेतली ती गुरांच्या चराईसाठीं व गांवच्या शिबंदीच्या कवायतीसाठीं. घेतल्यावर सहा वर्षांच्या आंतच कांहीं लोक तींतून घरासाठीं व परसासाठीं तुकडे मागूं लागले असावे. कारण सन १६४० मध्यें ठराव झाला कीं, यापुढें या मोकळ्या जमिनींतून घरास किंवा बागेस कोणासही जागा देऊं नये. मागणाऱ्यांस एकेकट्यानें नकार देत बसण्यापेक्षां नकाराचा नियमच करून ठेवला, हें शहाणपण ध्यानांत घेण्यासारखें आहे.

सन १६४६ चा ठराव तर प्रत्येक ग्रामसभेनें वाचावा असा आहे. त्यांतील कलमें अशीं :

(अ) गायरानावर गांवच्या फक्त ७० दुभत्या गाई चराव्या, अधिक नाहीं.

(आ) भाकड जनावरें, वासरें व घोडे त्या वर्षीं सोडूं नयेत.

(इ) गाईऐवजीं मेंढ्या ठेवावयाच्या असल्यास एका गाईबद्दल चार मेंढ्या धराव्या.

(ई) चराईचा हक्क कोणीही विकूं नये. मात्र वर्षावर्षाच्या कराराने भाड्यानें द्यावा.

(उ) यापुढें नवीन राहावयास येणाऱ्यास असा हक्क आपोआप मिळणार नाहीं. जुन्या हक्कदाराकडून त्यानें तो भाड्यानें घ्यावा.

हिशेब करून पाहा. ४४ एकरांस ७० गाई म्हणजे गाईमागें सुमारें २५ गुंठे पडतात. दुभत्या गाईसच प्राधान्य कां दिलें हें आपण सहज समजूं शकतां : तिला सांजसकाळ घरीं यावें लागतें, भाकड जनावर लांब नेलें तरी चालतें. हक्क विकण्याची बंदी तर फार दूरदृष्टीची. विक्रीची मुभा असती तर दोन पिढ्यांत सत्तरही हक्क चार सावकारांच्या घरीं जमा झाले असते.

या ठरावांत एक अपवाद आहे. ऑलिव्हर नांवाच्या धर्ममंडळांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थाचा एक घोडा तेवढा चरूं द्यावा, असें त्यांत लिहिलें आहे. वशिला तेथेंही होता तर! परंतु तो वशिलाही नांवानिशीं आणि संख्येनिशीं कागदावर आला. 'एक घोडा' असें लिहिल्यावर दुसरा घोडा सोडतां येत नाहीं. आपल्याकडे वशिल्याची नोंद होत नाहीं, म्हणून त्याला मर्यादाही राहत नाहीं.

पुढें सन १६५७ मध्यें गायरानांत दगडधोंडे, केरकचरा किंवा मेलेलें जनावर टाकणारास २० शिलिंग दंड ठरला. जमीन विकत घेतेवेळीं घरटीं निदान ६ शिलिंग लागले होते. तीच घाण करणारास त्याच्या तिपटीहून अधिक भरावे लागत.

३. 'सार्वजनिक काम' हें पहिलें छिद्र

इतके नियम असूनही गायरानाचा एक कोपरा गेलाच, आणि तो चोरानें नव्हे तर गांवानेंच नेला. सन १६६० मध्यें एका बाजूस दफनभूमि केली. पुढें तिच्या लगत अनाथगृह, कामाचें घर, कैदखाना आणि धान्याचें कोठार अशा इमारती उठल्या. प्रत्येक काम गरजेचेंच होतें. त्यामुळें नाहीं म्हणावयास कोणाचें तोंड नव्हतें.

धान्याच्या कोठाराची कथा शेतकऱ्यांनीं ऐकण्यासारखी आहे. सन १७१३ च्या मे महिन्यांत बोस्टनमध्यें धान्याची टंचाई असतां एक बडा व्यापारी अधिक नफ्यासाठीं धान्य जहाजांत भरून वेस्ट इंडीज बेटांकडे पाठवीत होता. तेव्हां दोनशेंवर लोक या गायरानांत जमले व त्यांनीं त्याच्या जहाजांवर व वखारींवर हल्ला केला. त्या दंग्यांत उपराज्यपालासही गोळी लागली. पुढें गांवानें आपलें सार्वजनिक कोठार ठेवून गरिबांस थोडथोडें धान्य माफक दरानें विकण्याची व्यवस्था केली. काम पुण्याचें, यांत शंका नाहीं. परंतु कालांतरानें कोठाराची गरज सरली, तरी ती जागा गायरानाकडे परत आली नाहीं. सन १८०९ मध्यें तेथें एक चर्च उभें राहिलें व तें अद्याप आहे. कोठाराचें नांव तेवढें शेजारच्या दफनभूमीस चिकटून राहिलें. सार्वजनिक कामास दिलेली गायरानाची जमीन तें काम संपल्यावर परत येत नाहीं, हा नियम दोन्ही देशांस लागू दिसतो.

४. गुरें गेलीं, पण जमीन राहिली

अठराव्या शतकांत गायरानाच्या कडेनें झाडें लावून फिरण्याचा रस्ता केला गेला. सन १७६८ पासून १७७६ पर्यंत ब्रिटिश फौजेनें तेथें तळ दिला. सन १७७५ च्या एप्रिलांत ज्या तुकडीच्या कूचामुळें अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागलें, ती याच जमिनीच्या पायथ्यापासून नावांत बसून निघाली. लष्कर गेलें आणि गाई पुन्हां चरूं लागल्या.

खरें संकट शांततेच्या काळांत आलें. वस्ती वाढत वाढत सन १८३० मध्यें सुमारें ६१ हजारांवर गेली. कॉमनभोंवतीं श्रीमंतांचीं घरें झालीं. त्या मंडळींस फिरतांना गाई आडव्या येऊं लागल्या, आणि सन १८३० मध्यें तेथील चराई कायमची बंद झाली. ज्या गरीब घरीं एकच गाय होती, त्या घरचें दूध या निर्णयानें गेलें. ही गोष्ट झांकून ठेवून बागेचें कौतुक करणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

परंतु शेतकरी बंधूंनीं विचार करावा तो याच जागीं. गुरें गेल्यावर गायरानाचें पुढें काय होतें? 'आतां गुरें कोठें आहेत, मग गायरान कशास पाहिजे?' हा प्रश्न कोणी तरी विचारतोच, आणि त्यास उत्तर नसलें कीं वांटणी सुरू होते. बोस्टनकरांनीं या प्रश्नाचें उत्तर आठ वर्षें आधींच लिहून ठेवलें होतें. सन १८२२ मध्यें गांवाचें रूपांतर नगरपालिकेच्या शहरांत झालें, तेव्हां शहराच्या सनदेंतच असें कलम घातलें कीं, नगरसभेस इतर मालमत्ता विकण्याचा अधिकार असला तरी कॉमन विकण्याचा किंवा पट्ट्यानें देण्याचा अधिकार नाहीं. दोन वर्षांनीं, सन १८२४ मध्यें, कॉमनला लागून असलेली सखल जमीन विकावी काय असा प्रश्न नागरिकांपुढें आला असतां त्यांनीं तीही विकूं दिली नाहीं. त्या जागीं पुढें शहराचें फुलझाडांचें उद्यान झालें.

कारभाऱ्यांवर विश्वास नव्हता म्हणून हें कलम घातलें असें समजूं नये. कारभारी आज चांगला असेल, उद्यां गरजू असेल, परवां कर्जबाजारी असेल. जी वस्तु विकतांच येत नाहीं, तिच्यासाठीं त्याच्यावर कोणी दडपणही आणीत नाहीं.

५. जमिनीखालून व डोक्यावरून

विक्री बंद झाली तरी जमिनीस भूक लावणारे संपले नाहींत. सन १८९७ मध्यें कॉमनच्या एका कडेखालून रेल्वेचा भुयारी मार्ग सुरू झाला. अमेरिकेंतील असा तो पहिलाच. खणतीच्या वेळीं जुन्या दफनभूमींतील शेंकडों मृतांच्या अस्थि निघाल्या. सन १९६१ मध्यें दुसऱ्या भागाखालीं मोटारी ठेवण्याचें मोठें तळघर झालें. वर गवत आहे, खालीं मोटारी आहेत.

अलीकडचा वाद तर सावलीचा आहे. बांधावरच्या झाडाच्या सावलीनें पीक खुरटतें म्हणून भाऊबंदांत झालेल्या मारामाऱ्या आपण पाहिल्या आहेत. तोच न्याय तेथें इमारतींस लावला आहे. सन १९९० मध्यें त्या राज्यानें कायदा केला कीं, नव्या उंच इमारतींची सावली कॉमनवर ठराविक मर्यादेपलीकडे पडूं नये. सन २०१७ मध्यें शहरानें आपल्या मालकीची एक जवळची जागा एका मनोऱ्यासाठीं विकावयास काढली आणि त्याकरितां या कायद्यास अपवाद करून घेतला. त्या विक्रीच्या रकमेंतून २ कोटी ८० लक्ष डॉलर कॉमनसाठीं राखून ठेवण्याचें ठरलें. हा सौदा बरा कीं वाईट याबद्दल तेथील लोकांत मतभेद झाले. परंतु जमिनीची सावली देखील कोणी फुकट नेऊं शकला नाहीं, हें आपण पाहावें.

६. राखण आणि खर्च

नुसत्या बंदीनें जमीन राहते, पण जोपासली जात नाहीं. कॉमनसमोर राहणारे जॉर्ज फ्रान्सिस पार्कमन नांवाचे गृहस्थ सन १९०८ मध्यें वारले. त्यांनीं मृत्युपत्रानें सुमारें ५० लक्ष डॉलर शहरास दिले व अट घातली कीं, ही रक्कम कॉमन व त्या वेळीं असलेल्या बागांच्या निगेसाठींच खर्चावी. नवी जमीन घेण्यास वापरूं नये. दान देणारे पुष्कळ असतात, पण बहुतेकांस नव्या बांधकामावर आपलें नांव हवें असतें. जुन्याची निगा राखण्यास पैसा देणारा दाता विरळा. सन १९७० पासून नागरिकांची एक संस्थाही शेजारच्या उद्यानाची, व पुढें कॉमनचीही, देखरेख करूं लागली.

मी फिरत असतां हिरवळीचे कांहीं तुकडे दोऱ्या बांधून बंद केलेले दिसत. चौकशी करतां कळलें कीं, गर्दीच्या पायांनीं तेथील माती घट्ट झाली होती, म्हणून ती मोकळी करून बीं पेरलें होतें व जमिनीस विसांवा दिला होता. आपण कुरणाचे भाग पाडून आळीपाळीनें बंद ठेवतों, त्याच तत्त्वाचें हें काम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं याच जमिनींत नांगर घालून भाजीपाला लावला होता, असेंही वाचण्यांत आलें. जमीन मोकळी होती म्हणूनच ती कठीण वेळीं उपयोगास आली. आज तिचें क्षेत्र सुमारें ५० एकर भरतें.

७. आपल्या गायरानांविषयीं

आतां मला माझी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळांत एका गांवच्या गायरानाचें प्रकरण माझ्या टेबलावर होतें. गांवाचें व कचेरीचें नांव येथें देत नाहीं. आधीं थोडी जमीन शाळेस गेली, मग पाण्याच्या टाकीस, मग आणखी एका सार्वजनिक कामास. प्रत्येक वेळची टिपणी मींच सुवाच्य अक्षरांत लिहिली. शेवटच्या वेळीं एक म्हातारा शेतकरी हरकतीचा अर्ज घेऊन आला. हरकतीची मुदत चार दिवसांपूर्वीं संपली होती. मीं अर्जावर 'मुदतबाह्य' असा शेरा मारला व कागद पुढें पाठविला. तो म्हणाला, "रावसाहेब, मुदत तुमच्या कागदाची संपली, माझ्या गाईंची भूक नाहीं संपली." नियमाप्रमाणें माझें चुकलें नव्हतें. परंतु जाहिरात चावडीवर लागली तेव्हां ती त्या गांवांत कोणी वाचली कीं नाहीं, हें विचारणें माझ्या कामांत बसत नव्हतें, आणि मीं तें विचारलें नाहीं. शेवटचें तें सार्वजनिक काम झालेंच नाहीं. जमिनीस कुंपण मात्र पडलें. बोस्टनचे ते ठराव ऐकतांना मला वारंवार तो म्हातारा आठवत होता.

आपला कायदा दुबळा नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २२ प्रमाणें चराईसाठीं राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवांचून दुसऱ्या कामीं लावतां येत नाहीं, आणि कलम २३ प्रमाणें तेथील चराईचा हक्क त्या गांवच्याच गुरांस आहे. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं जगपाल सिंग प्रकरणांत गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याच्या योजना आंखण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला. परंतु मंजुरी देणारा वर बसलेला असतो आणि हरकत घेणारा खालीं झोपलेला असतो. म्हणून पुढील गोष्टी ज्यानें त्यानें आपल्या गांवीं कराव्या, अशी माझी विनंति आहे :

(१) गायरानाचा सात-बारा उतारा व गटाचा नकाशा काढून ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा. किती एकर होतें व किती राहिलें, हें पोरासोरांस ठाऊक असावें.

(२) भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्या. मोजणीची फी घरटीं वर्गणीनें भरावी, एकट्या सरपंचानें भरूं नये. ६ शिलिंगांचें मर्म येथें आहे.

(३) तलाठ्याकडील अतिक्रमणांची नोंदवही, म्हणजे गांव नमुना १-ई, दर वर्षीं पाहावी. नोंद नसेल तर लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी.

(४) किती गुरें व कोणत्या महिन्यांत चरतील हें ठरवावें. कोणास सवलत द्यावयाची असेल तर ती नांवानिशीं लिहून द्यावी. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें मोकाट चराई बंद करून गवत कापून नेण्याची रीत घातली. तें उदाहरण आपल्या घरचेंच आहे.

(५) चावडीवरील जाहिराती वाचून दाखविण्याचें काम दोन लिहित्या-वाचत्या तरुणांकडे सोंपवावें. हरकत मुदतींत गेली पाहिजे. मुदतीनंतरच्या खऱ्या हरकतीचें काय होतें, तें मीं वर सांगितलेंच आहे.

(६) सार्वजनिक कामास जमीन देणें भागच पडलें तर काम न झाल्यास किंवा संपल्यास ती गायरानाकडे परत यावी, अशी अट ठरावांत घालण्याचा आग्रह धरावा.

गांवांतील गुरें कमी होत चाललीं आहेत हें मला दिसतें. उद्यां कदाचित् आपल्या गायरानांतही गाय नसेल. तरी तेथें झाडें असूं शकतील, पाणी मुरूं शकेल, पोरें खेळूं शकतील आणि एखाद्या दुष्काळांत पुन्हां गुरें उभीं राहूं शकतील. बोस्टनच्या गाई जाऊन दोनशें वर्षें होत आलीं. त्यांच्यासाठीं घेतलेली जमीन मात्र जागेवर आहे. आपल्या गांवीं काय राहील, तें येत्या ग्रामसभेस किती जण हजर राहतात यावर अवलंबून आहे. एवढें नम्रपणें सुचवून हा लेख पुरा करितों.